पुन्हा पहिल्यापासून

मैत्रिणींनो, गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या एकट्या बायकांसाठी थोडंफार काम करते. कुणाचा नवरा गेलेला, कुणाला माहेरी आणून सोडलेलं, कुणाची नोकरी पन्नाशीच्या आतच सुटलेली. या सगळ्यांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. संकट आलं की बाई कशीबशी उभी राहते. माणसं भोवती असतात, धावपळ असते, रडायलाही वेळ नसतो. खरी कसोटी लागते ती नंतर. पाहुणे परत जातात, शेजारणी आपापल्या कामाला लागतात, आणि एका सकाळी प्रश्न पडतो की आता उठून करायचं काय?

अशा वेळी देवापुढे हात जोडले की आपल्या तोंडून बहुतेक एकच मागणं निघतं. गेलेलं परत दे, होतं तसं करून दे. मागणं अगदी साहजिक आहे हो, कुणीही हेच मागेल. पण देवाला आपण जगाचा निर्माता म्हणतो ना? मग ज्यानं मुळात काही नसताना हे सगळं घडवलं, त्याच्याकडे फक्त जुनंच का मागायचं? जे उरलंय त्यातून नवं काहीतरी घडव, असं का नाही मागायचं?

असं मागणारी आणि मागून झाल्यावर पदर खोचून कामाला लागणारी एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शारदा सदन, केडगाव, धर्मांतर असे दोन-तीन शब्दही आठवतात. पण या बाईला आयुष्यात किती वेळा पाटी कोरी करून पहिल्या अक्षरापासून गिरवावं लागलं, हे मी नीट वाचायला लागले तेव्हा थक्क झाले. आज तेच तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या दाट रानात, गंगामूळ इथे. आज हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, पण गावात राहू शकले नाहीत. कारण काय, तर त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं! त्या काळी हा केवढा अपराध. म्हणून त्यांनी रानात आश्रम बांधला. येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालता घालता पैसा संपला, कर्ज झालं आणि तेही घर सुटलं. रमा तेव्हा अवघी सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून, गड्याच्या डोक्यावरून तिचा प्रवास सुरू झाला. पुढे कित्येक वर्षं या कुटुंबाला घर म्हणून नव्हतंच. या तीर्थावरून त्या तीर्थावर जायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. आई भल्या पहाटे उठवून रमाला शिकवायची. भागवताचे हजारो श्लोक तिला लहानपणीच तोंडपाठ झाले.

मग १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. कुटुंबाजवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतवैकल्यांत संपलेलं. दागिने गेले, भांडी गेली, अंगावरची चांगली वस्त्रंही गेली. शेवटी रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील आंधळे झालेले आणि थकलेले. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. ती टळली, पण थोड्याच दिवसांत ते गेले. दीड-दोन महिन्यांत आईही गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. तेव्हा सोळा वर्षांच्या रमानं स्वतः तिरडी उचलली. उंची कमी, खांद्याला पोचेना, म्हणून तिनं ते ओझं डोक्यावर घेतलं. आणि स्मशान दोन-तीन मैलांवर. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

या दुष्काळाबद्दल रमाबाईंनी पुढे स्वतः फार स्पष्टपणे लिहून ठेवलंय. त्याचा मतितार्थ असा की, आपल्या घरात विद्या होती, भक्ती होती, पण पोट भरण्याचा कुठलाही धंदा कुणाला येत नव्हता. अंगमेहनत करायची तर जातीचा आणि विद्वत्तेचा अभिमान आड आला. सगळे जण देव काहीतरी देईल म्हणून पूजा आणि उपास करत बसले. ही गोष्ट मनात धरून ठेवा मैत्रिणींनो, कारण रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे.

उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी चालत राहिले. हजारो मैल चालले असतील. पंजाबात झेलमच्या काठी थंडीनं जीव जायची वेळ आली. पांघरायला काही नाही. दोघांनी नदीकाठच्या वाळूत खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. इतक्या व्रतांचं फळ हे का, असा प्रश्न दोघांच्या मनात तेव्हा उभा राहिला. जुन्या श्रद्धेला तडा गेला तो असा चालता चालता.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले आणि दिवस पालटले. संस्कृत अस्खलित बोलणारी वीस वर्षांची मराठी मुलगी पाहून तिथले पंडित चकित झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हातात वेद ठेवले. बायकांनी वेद वाचायचे नसतात असं ऐकतच ती वाढलेली. आता कुठे सुखाचे दिवस आले म्हणावं, तर १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी जूनमध्ये रमाबाईंनी भावाच्या मित्राशी, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जात वेगळी. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत नवराही गेला. संसार दोन वर्षंसुद्धा टिकला नाही.

जरा हिशोब करा. आठ वर्षांत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा. वय चोविशीच्याही आत. कडेवर वर्षाचीही न झालेली पोर. सासर-माहेर दोन्हींकडे आधार नाही. या जागी आपण असतो तर?

रमाबाई पुण्याला आल्या. विधवेनं कोपऱ्यात बसायचं, हा तेव्हाचा रिवाज. या बाईंनी त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. स्त्री शिक्षिका तयार करा, मुलींना डॉक्टर होऊ द्या, आमच्या बायका पुरुष डॉक्टरला आजार सांगायला लाजतात आणि त्यातच मरतात, असं त्यांनी तिथे ठणकावून मांडलं. स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या बोटीनं इंग्लंडला गेल्या.

तिथे दार बंद झालं. त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यामुळे डॉक्टरकीचं शिक्षण अशक्य ठरलं. सात समुद्र ओलांडून गेल्यावर असं कळलं तर माणूस खचून जाईल. रमाबाई शिक्षणशास्त्राकडे वळल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

इंग्लंडमधल्याच एका अनुभवानं त्यांचं आयुष्य वळवलं. वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथलं एक केंद्र दाखवलं. समाजानं वाया गेलेल्या ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या. त्यांना कुणी हिणवत नव्हतं. त्या काम शिकत होत्या, बऱ्या होत होत्या, आणि काही जणी तर स्वतःच दुसऱ्या बायकांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे सगळं नवीन होतं. बाई एकदा घसरली की संपली, हेच त्यांनी पाहिलेलं. असं का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेली, गावानं ओवाळून टाकलेली बाई, आणि येशू तिच्याशी माणसासारखं बोलतो, ही ती गोष्ट. संपलेल्या माणसातून पुन्हा माणूस घडवणारा देव रमाबाईंना इथे दिसला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयावर तेव्हाही वादळ उठलं आणि आजही मतं वेगवेगळी आहेत. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. पण एक सांगते, ही बाई कुणाच्या ओंजळीनं पाणी पिणारी नव्हती. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशीही त्या वाद घालत राहिल्या. जे बुद्धीला पटत नाही ते मानणार नाही, असा त्यांचा बाणा होता. त्या शाकाहारीच राहिल्या. साडी पांढरी आणि राहणी साधी होती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. जी पदवी रमाबाईंना स्वतःला हवी होती, ती त्यांनी दुसरीला मिळताना पाहिली. आणि मग अमेरिकाभर फिरून भाषणं दिली, बालवाडीची पद्धत शिकून घेतली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या मदतीसाठी संस्था स्थापन झाली. तिनं दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं.

बालविधवांसाठी ही शाळा म्हणजे काय होतं हे समजायचं तर एक उदाहरण पुरे. गोदूबाई नावाची तरुण विधवा सुरुवातीलाच तिथे शिकायला आली. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. तीच आनंदीबाई कर्वे, आपली बाया कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांचं विधवांसाठीचं आणि पुढे महिला विद्यापीठाचं काम आपण सगळे जाणतोच. एका दिव्यावर दुसरा लागतो तो असा.

पण १८९३ हेच वर्ष रमाबाईंना फार जड गेलं. शारदा सदनातल्या काही मुली त्यांच्या खाजगी प्रार्थनेला येऊन बसतात, म्हणजे हा धर्मांतराचा डाव आहे, असा गहजब झाला. ‘केसरी’तून टीका झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. सदनाचं धर्मनिरपेक्ष असल्याचं आश्वासन मोडलं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलंय. पण उभारलेलं सगळं पुन्हा एकदा रिकामं झालं, हे खरं. ज्या शहरानं दहा वर्षांपूर्वी त्यांचं कौतुक केलं, तेच शहर पाठ फिरवून बसलं.

आता त्यांनी काय केलं असेल? बॉस्टनची मदत १८९८ ला संपणार, हे त्यांना ठाऊक होतं. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला त्यांनी माळरानाची जमीन घेतली. फळझाडं लावायची, विहिरी खणायच्या आणि त्या उत्पन्नावर संस्था चालवायची असा बेत. देवावर विश्वास होताच, पण तो विश्वास कुदळीसकट होता!

झाडं अजून वाढत होती, तेवढ्यात १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याकडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली बसलेल्या. त्या मुलींमध्ये त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वीची रमा दिसली असेल का? मला वाटतं, दिसली असणारच. त्यांनी शेकडो मुली आणल्या. हातात पुरेसा पैसा नव्हता. देव देईल, असं म्हणून आणल्या. पुण्यात प्लेग सुरू झालेला, इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग त्यांना केडगावला नेलं, झोपड्यांत ठेवलं. पक्क्या इमारती मागाहून झाल्या. ही मुक्ती सदनाची सुरुवात. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथल्या मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आणि आता ती मघाची किल्ली आठवा. डोंगरे कुटुंबात विद्या होती, पण हाताला काम नव्हतं, म्हणून ते कुटुंब उपाशी मेलं. मुक्तीत मात्र प्रत्येक मुलीला अक्षरओळखीबरोबर एखादं काम यायलाच हवं असं होतं. हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेती, धुलाई, स्वयंपाक, रुग्णसेवा. छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या, मुलीच यंत्रं चालवायच्या. अंध मुलींसाठी मनोरमेनं ब्रेल आणलं. वेताच्या टोपल्या विणायला शिकून त्या मुलीही मिळवत्या झाल्या. फुलहॅमला पाहिलेलं रमाबाई विसरल्या नव्हत्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपा सदन काढलं. बाई संपत नाही, हे तिथे त्या रोज दाखवून देत होत्या.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं शेवटचं काम. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं, मुक्तीतल्या खेडवळ बायकांना ते कळत नव्हतं. म्हणून संस्कृतच्या या पंडितेनं साध्या मराठीत नवा अनुवाद करायचा घाट घातला. त्यासाठी पंचेचाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. चाळिशी आली की आता काय शिकायचं, असं म्हणणाऱ्या आपण साऱ्या जणी! सुमारे अठरा वर्षं हे काम चाललं.

त्यात शेवटचा घाव बसला. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात, तिच्या मागे मुक्ती सांभाळणार म्हणून सगळ्यांनी मनात धरलेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळजवळ गेलेले. या वेळी नव्यानं सुरू करायला आयुष्यच उरलं नव्हतं. तरी त्या लिहायच्या टेबलाशी परत जाऊन बसल्या आणि अनुवादाचं काम तडीला नेत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात त्यांच्याच मुलींच्या हातून छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये पुरं झालं. केडगावची संस्था तर आजही काम करते आहे.

हे आयुष्य वाचून देवावरच्या विश्वासाबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली अशी की, रमाबाईंना गेलेलं काहीच परत मिळालं नाही. आई मिळाली नाही, भाऊ मिळाला नाही, डॉक्टरकी मिळाली नाही, नवऱ्याबरोबरचं म्हातारपण मिळालं नाही. नवी सुरुवात झाली की जुनं दुःख पुसलं जातं, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. दुःख राहतं. पण घडवणाऱ्याच्या हातात ते दिलं तर त्याच दुःखाचा काहीतरी उपयोग होतो. सोळाव्या वर्षीची भूक दोन हजार मुलींच्या जेवणाला उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. देव करील ते खरं, असं आपण म्हणतो आणि पुष्कळदा हात बांधून बसतो. रमाबाईंनी ही वाट पाहण्याची पद्धत लहानपणी पाहिली होती, तिचा शेवटही पाहिला होता. त्यांनी विश्वास सोडला नाही, फक्त हात मोकळे केले. पाणी लागेल हा भरवसा देवाचा, पण विहीर खणायची आपण. मुली आणायच्या, मग धान्य कुठून येतं ते पाहू. धान्यही काही आभाळातून पडलं नाही. कुठल्या कुठल्या माणसांनी पाठवलं म्हणून आलं. पण आधी कुणीतरी चूल मांडावी लागते, मग शिधा येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत कुणी अशी रिकाम्या सकाळपाशी थांबलेली असेल तर तिला नुसतं, देव आहे ना, सगळं ठीक होईल, असं सांगून निघू नका. तिच्याजवळ काय उरलंय ते तिच्याबरोबर बसून बघा. शिवणाचं मशीन असेल, स्वयंपाकाची चव असेल, अर्धवट राहिलेली बारावी असेल, नुसती बोलकी जीभ असेल. रमाबाईंजवळ पाठ केलेले श्लोक आणि एक तान्ही पोर एवढंच होतं. त्यातून केडगावच्या माळावर गाव वसलं.